कोरियाची रीत आणि आईचं पन्हं

मॅट्रिक झाल्यावर मला आमच्याच शाळेत बालवर्गाला शिकवायचं होतं. घरी बसले असते तर वर्षाच्या आत माझं लग्न उरकलं असतं. आमच्या इंग्रज मिसबाईंची हरकत एकच होती. "तू बोलत नाहीस. मुकी मास्तरीण काय कामाची?" शेवटी त्यांनी माझी परीक्षा घ्यायचं ठरवलं. पूर्वी त्या कोरियात राहिल्या होत्या. तिथले एक वृद्ध गृहस्थ त्यांना भेटायला नाशिकला येणार होते. त्यांची सरबराई मी करायची, आणि मुख्य म्हणजे, इंग्रजीतून का होईना, बोलायचं.

बोलणं सोडून बाकी सगळं मी शिकून घेतलं. कोरियात प्यायला बसण्याच्या रीती मिसबाईंना पाठ होत्या. रीती दारूच्या, पण मिशनच्या बंगल्यात दारू कुठली? आईने घरून तांब्याभर पन्हं दिलं. ओतताना उजव्या हाताला डावा हात लावायचा. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही. वडीलधाऱ्यांसमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं. समोरच्याचा पेला रिकामा राहू द्यायचा नाही. मला हे फारच पसंत पडलं. हात एवढे गुंतल्यावर तोंडाला कोण विचारतो?

पाहुण्यांनी पेला संपवला. मी भरला. त्यांनी हसून पुन्हा संपवला. मी पुन्हा भरला. हळूहळू त्यांचं हसू आखडत गेलं. सोबतीला आलेला माझा थोरला भाऊ दाराशी मला उद्देशून पुटपुटला, "बाईसाहेब, आता त्यांना आंघोळच घाला!" मिसबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पाहुण्यांनी कपाळ पुसून पुन्हा पेला उचलला, तेव्हा मला राहवलं नाही. "पिऊ नका हो! तुम्ही संपवलात की मला भरावाच लागतो."

ते थबकले. "आणि मला बोटीवर बजावलं होतं, हिंदुस्थानात वाढलेलं टाकायचं नाही म्हणून!"

मग त्यांनी स्वतः तांब्या उचलून माझा कोरडा पेला भरला. मी दोन्ही हातांनी घेतला आणि रीतीप्रमाणे तोंड वळवलं, तर समोर दादा, गाल फुगवून पाहुण्यांची नक्कल करत उभा. पन्हं माझ्या नाकात गेलं.

तरी नोकरी मिळाली. "सबंध दुपारभर काय ते एवढंच बोललीस," मिसबाई म्हणाल्या, "पण वेळेवर बोललीस. बालवर्गात तसंही बोलायचं काम मुलंच करतात."

तसं काही नसतं, हे पहिल्याच आठवड्यात माझ्या घशाला कळलं.