बंद न पडलेल्या साइटचं उद्घाटन

किहीमच्या कॉटेजवाल्यांच्या संघाला अध्यक्ष लाभले ते दिनानाथशेठ. या माणसाचं कर्तृत्व सांगायला फार जागा लागत नाही. त्यांनी उद्घाटनं केली. पाणपोईचं केलं, बसथांब्याचं केलं, स्मशानातल्या पत्र्याच्या शेडचंही फीत कापून केलं. तिथे टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना, तेव्हा शेठनी स्वतःच सुरुवात केली.

संघाची वेबसाइट सांभाळत होती कल्पिता. वाडीतल्या घरी बसून ती सहा वर्षं हे काम करत होती. पाहुणे साइटवर खोली बघत, तिथेच बुक करत, आणि निरोप थेट कॉटेजवाल्याच्या फोनवर जाई. या एका कामामुळे तिला गाव सोडून मुंबईत कुणाची चाकरी करावी लागली नव्हती.

आता साइटचा जुना सर्व्हर पार थकला होता. दिवाळीची गर्दी वाढायच्या आत ती नव्या कंपनीकडे हलवायची ठरली. बुकिंग तर जोरात चालू. कल्पिताने बैठकीत मोठ्या अभिमानाने सांगितलं, "साइट एक मिनिटसुद्धा बंद पडणार नाही."

शेठचा चेहरा उतरला. "बंदच पडणार नाही, तर उघडायची कशी?"

"उघडायची कशाला, काका? ती चालूच राहील."

"असं कसं? रविवारी सरपंच येतायत. संगमरवरी पाटी कोरून आलीय. तू सकाळी साइट बंद कर, मी अकरा चाळीसच्या मुहूर्तावर बटण दाबून चालू करतो. तुला जमत नसेल तर आमचा अल्पेश बघेल सगळं, कायमचं."

अल्पेश म्हणजे शेठचा पुतण्या. त्याला रील बनवता येत होती, आणि घराण्याच्या मते संगणकाचं सगळं शास्त्र त्यातच आलं. बाकीच्या सभासदांनी माना डोलावल्या. साइट बंद दिसली की पाहुणा वाट बघत बसत नाही, सरळ शेजारच्या नागावला जातो, हे त्यातल्या एकालाही सुचू नये? पण समोर बटाटेवडे आले होते.

कल्पिता घरी आली ती धुमसतच. ज्या माणसाला स्वतःच्या फोनचा आवाज कमी करता येत नाही, त्याने तिला काम शिकवावं! तिने कुणाला काही सांगितलं नाही आणि आपल्या पद्धतीने कामाला लागली. सगळी साइट नव्या जागी उतरवली, तिथे खोटी बुकिंगं करून तपासली. साइटचा पत्ता बदलला तरी जगभरचे संगणक दिवसभर जुनाच धरून बसतात. ती मुदत तिने आधीच पाच मिनिटांवर आणून ठेवली. मग गुरुवारी दुपारी दोनला, अख्खा महाराष्ट्र जेवून लवंडलेला असताना, तिने जुन्या साइटवर आलेली बुकिंगंही नव्या साइटच्याच वहीत पडतील अशी सोय केली, म्हणजे एकच खोली दोघांना जायला नको. शेवटी पत्ता फिरवला. जुना सर्व्हर आठ दिवस तसाच चालू ठेवायचा होता, चुकून कुणी तिकडे गेलंच तर. सव्वादोनला नव्या घरातून पहिलं बुकिंग आलं. गावात कुणाला पत्ताही लागला नाही.

रविवारी शेठसाठी तिने एक वेगळं पान बनवलं. मखमली पडदा, झेंडूचं तोरण, मधोमध लाल बटण. संघाच्या हॉलमध्ये नारळ फुटला, शेठनी बटण दाबलं, पडदा सरकला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आजपासून किहीम जगाशी जोडलं गेलं," शेठ माईकवर म्हणाले.

मागच्या रांगेतून चंद्राबाई उठल्या. सत्तरीची ही बाई दोन खोल्यांचं कॉटेज एकटी चालवते आणि कुणाच्या बापाला भीत नाही.

"अरं दिनानाथ, पडदा तू आता उघडलास. माझ्याकडं पुन्याची मानसं सकालीच बुक झाली. ती कुठून आली?"

शेठनी कल्पिताकडे पाहिलं.

"साइट गुरुवारीच हलली, काका," ती म्हणाली. "बटणाने फक्त पडदा सरकतो."

हॉलमध्ये खसखस पिकली. शेठ लालबुंद झाले. "म्हणजे फसवलंस आम्हाला! गुरुवारपासून काही झाल्याचं दिसलं नाही, म्हणजे तू केलंस तरी काय? काम आजपासून अल्पेशकडे!"

अल्पेश खुर्चीतल्या खुर्चीत खाली सरकला.

"दे की," चंद्राबाई म्हणाल्या. "पन आधी त्या पुन्याच्या मानसांना फोन लाव. सांग त्यांना, अध्यक्षानं बटन दाबलं न्हवतं, तुमचं बुकिंग खोटं हाय. गुरुवारधरनं ज्यांची ज्यांची आली, त्या समद्यांना सांग."

सभासदांनी पटापट आपापले फोन काढले. कुणाची दोन बुकिंगं होती, कुणाची पाच. शेठच्या स्वतःच्या कॉटेजची तर दिवाळी पूर्ण भरली होती, शुक्रवारीच. त्यांनी फोन खिशात घातला. मग त्यांनी माईक जवळ ओढला आणि अल्पोपहाराचा लाभ घेण्याची सर्वांना विनंती केली.