खाकी खिशातली गोळी

गाडी सोडायची घंटी मारण्याआधी अण्णा खिशातून एक गोळी काढायचे, वर तोंड करून टाकायचे, बाटलीतलं पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "झाला बंदोबस्त. चला!" मगच आमची भूम-ईट एसटी हलायची.

मी ड्रायव्हर, ते कंडक्टर. वयानं मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणायचो. गोळी कसली, तर जंतू मारायची, अँटिबायोटिकची. आजार काही नव्हता. पण तुम्हीच सांगा, गावोगावचं पाणी, कँटीनचा शिळा वडापाव आणि खच्चून भरलेली गाडी. मधेच पोट बिघडलं तर कंडक्टरनं जायचं कुठं? म्हणून ते बिघडायच्या आधीच औषध घ्यायचे. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागतोय कोण!

बरं, एकटेच घेतील तर शपथ. एखादी म्हातारी खोकली की तिकिटाबरोबर गोळीही पुढं. "घ्या मावशी, समदे किडे मरत्याल." म्हातारीही ती पदराला बांधून घ्यायची. मी आरशातून बघायचो आणि हसायचो.

मग एक दिवस ईट गावाच्या अलीकडं, दोन्ही बाजूंना नुसती ज्वारी, आणि घंटी वाजली. अण्णा पोट धरून उतरले आणि ज्वारीत शिरले. गाडीत कुणी हसलं नाही. पण परत आल्यावर ते कुणाच्या तोंडाकडं बघेनात. राहिलेली तिकिटं मान खाली घालूनच दिली.

जुलाब काही थांबेनात, धाराशिवला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, पोटात चांगले जंतूही असतात. अन्न पचवायला मदत करतात, वाईटांना थारा देत नाहीत. रोजच्या गोळ्यांनी ते मेले आणि वाईट माजले.

अण्णा खाटेवरून म्हणाले, "म्हंजी तिकीट काढलेले उतरवले म्या, अन् फुकटे बसून ऱ्हायले व्हय?"

डॉक्टर हसले, मीही हसलो. अण्णा म्हणजे लई गोड माणूस हो!

बरे झाले. "विचारल्याशिवाय एकही गोळी नको, जिवावर बेतेल," असं बजावून डॉक्टरांनी सोडलं. अण्णा ड्यूटीवर आले, ताक प्यायला लागले, मला रिकामा खिसा उलटा करून दाखवायचे. थोड्याच दिवसांत पुन्हा आजारी पडले. या वेळी जुलाबातून रक्तही जायला लागलं, पुन्हा त्याच दवाखान्यात नेलं.

"अण्णा, गोळी घेतली?" मी विचारलं.

 अण्णा म्हणाले, "घरनंच खाऊन यायचो, रोज. त्या दिवसावानी भर रानात गाडी थांबवायची लाज वाटायची रं."

दवाखान्यातून ते घरी आलेच नाहीत.

बातमी आली तेव्हा मी डेपोत गाडीत पाणी घालत होतो. ऐकली. पाणी भरलं, बॉनेट लावलं, गाडी काढली. रडूबिडू काही आलं नाही, अजूनही येत नाही. आत सगळं बधिर झालंय. गाडी चालवताना एवढंच मनात येतं, अहो अण्णा, थांबवली असती की मी. रोज थांबवली असती.