आमचे पर्यटनवाले भाऊजी

जगात पर्यटन शिकवणारे प्राध्यापक पुष्कळ असतील, पण घरापासून अर्ध्या तासाच्या पलीकडे गेलं की ज्याला गाडी लागते आणि तरीही जो पर्यटनात डॉक्टरेट मिळवून थेट परदेशातल्या विद्यापीठात शिकवायला गेला, असा माणूस एकच आहे आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. मुळात भाऊजी इतिहासाचे. जवळच्या तालुक्याच्या कॉलेजात पर्यटन हा नवा विषय सुरू झाला तेव्हा तो घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून सगळ्यांत कनिष्ठ माणसाच्या गळ्यात घातला, आणि भाऊजींनी तो असा काही गळ्याशी धरला की पुढे बाकीचे विषय त्यांना दिसेनासेच झाले. शिकवायला शेगावहून रोज एसटीने जायचे, खिशात लिंबू आणि हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. लग्नानंतर हौस म्हणून त्यांनी ताईला लोणारला नेलं होतं. वाटेत तीनदा गाडी थांबवावी लागली. तिथे पोचल्यावर ताई सगळ्यांबरोबर खाली सरोवरापर्यंत उतरून आली आणि हे वर काठावर एका दगडावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत राहिले. "एवढ्या लांब आलात, खाली तरी यायचं," असं ती म्हणाली तर यांचं उत्तर तयार: "खड्डा काई पळून जात नाही, मानसं निंघून जातात. म्हनून मी मानसं पाहून घेतली."

माणसं पाहणं म्हणजे त्यांच्या भाषेत संशोधन. त्यासाठी त्यांची प्रयोगशाळा ठरलेली होती, शेगाव स्टेशनाबाहेरचा चहाच्या टपरीसमोरचा बाक. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला पुठ्ठ्याची लांब वही घेऊन बसायचे आणि गाडीतून उतरलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न, "कोन्या गावचे?" पुढचं सगळं त्यातूनच निघायचं. वडनेर भोलजीचा एक म्हातारा दर्शनाला आला होता. त्याच्याशी यांचं नातं लागायला दोन मिनिटं पुरली. म्हाताऱ्याच्या जावयाची आत्या भाऊजींच्या चुलत काकांच्या घरात दिलेली निघाली आणि म्हातारा दर्शनाआधी आमच्या ताईच्या स्वयंपाकघरात पिठलं-भाकरी खात बसला. ताईनेही कधी नाक मुरडलं नाही. एकदा तर दुसरबीडचं पाच माणसांचं कुटुंब त्यांच्याकडे तीन दिवस मुक्कामाला होतं. भाऊजींना वाटलं ताईच्या माहेरचे, ताईला वाटलं यांच्या कॉलेजातले कोणी, आणि त्या बिचाऱ्यांना वाटलं देवस्थानाने अशी घरगुती सोय केली असेल. तिसऱ्या दिवशी जाताना ते दक्षिणा किती द्यायची असं विचारू लागले तेव्हा उलगडा झाला. भाऊजींनी कपाळावर हात मारला, तो माणसं ओळखीची नव्हती म्हणून नव्हे, तर तीन दिवसांत एकदाही त्यांची वहीत नोंद करून घेतली नाही म्हणून.

मी शाळेत भूगोल शिकवतो, लग्न केलेलं नाही, आणि दोन गल्ल्या टाकून राहत असलो तरी दोन्ही वेळचं जेवण ताईकडे, त्यामुळे हे संशोधन रोज ताटावर माझ्याही वाट्याला यायचं. भाऊजींचं म्हणणं असं की पर्यटनाची सगळी पुस्तकं जाणाऱ्यावर लिहिली आहेत, उतरवून घेणाऱ्यावर कोणी लिहिलंच नाही. माणूस परक्या गावात उतरला की पहिल्यांदा त्याच्याशी कोण बोलतं, काय बोलतं, त्याला पाणी कोण देतं, यावर त्यांना एक मोठं पुस्तक लिहायचं होतं. वीस वर्षं त्या वह्या भरत होत्या. मी थट्टेने म्हणायचो, "भाऊजी, यात संशोधन काय आहे? हे तर आपल्याकडे कुणीही करतं." ते म्हणायचे, "अबे गुरुजी, तेच तर! कुनीही करते म्हनून कुनी लिहून ठेवत नाही." मग एका परिषदेला आलेला एक परदेशी प्राध्यापक शेगाव बघायला म्हणून इकडे वळला, बाकावरच्या भाऊजींच्या तावडीत सापडला, वह्या बघून गेला, आणि सहा महिन्यांनी त्याच्या विद्यापीठाचं पत्र आलं. एक वर्ष पाहुणे प्राध्यापक म्हणून या, शिकवा आणि पुस्तक पुरं करा. देश उत्तरेकडचा, थंडगार. नाव सांगत नाही, कारण भाऊजींना अजून तिथे राहायचं आहे.

जायच्या आठ दिवस आधीपासून त्यांनी खाणं सोडलं, आणि सामानात मात्र वर्षाचं खाणं भरलं. ज्वारीचं पीठ, मूगवड्या, ठेचा, लोणच्याच्या दोन बरण्या. कपड्यांना जागा उरली नाही तेव्हा दोन स्वेटर एकावर एक अंगात घालून ते मे महिन्यात स्टेशनवर आले. विमानात काय झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, एवढंच म्हणाले की हवाईसुंदरी फार भली होती आणि ती मूळ नागपूरच्या बाजूची निघाली.

तिथे पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गाला काम दिलं: बसच्या थांब्यावर जा आणि शेजारच्या माणसाला गाव विचारा. त्या देशात थांब्यावर माणसं एकमेकांपासून दोन-दोन हात लांब उभी राहतात आणि बोलत नाहीत. दोन पोरं न विचारताच परत आली, एकीला रडू फुटलं. विद्यापीठाच्या समितीचं पत्र आलं की अनोळखी माणसाला प्रश्न विचारण्याआधी त्याची लेखी संमती घ्या. भाऊजींनी लगेच संमतिपत्रं छापून घेतली, पण समोरचा माणूस वाचून सही करेपर्यंत बस येऊन निघून जायची. शेवटी ते स्वतः जाऊन थांब्यावर बसले. सत्तरीच्या एका बाईने सही केली आणि बोलायला सुरुवात केली ती तीन बसेस सोडून दिल्या तरी थांबेना. "गुरुजी, त्या बाईले धा वर्षांत कुनी गाव विचारलं नव्हतं," हे भाऊजींनी मला एकाच फोनमध्ये तीनदा सांगितलं. त्याच आनंदात त्यांनी सगळ्या वर्गाला जेवायला बोलावलं. पोरं नको नको म्हणत असताना हे तिसरी भाकरी ताटात टाकत होते, आणि पोरांना वाटलं हाही अभ्यासाचाच भाग, म्हणून त्यांनी पोट धरून ती संपवली आणि मग वहीत लिहून घेतलं.

हे सगळं भाऊजी हसत हसत सांगायचे, पण त्यांचा जीव इथे होता. दुपारी साडेचारच्या सुमाराला, म्हणजे त्यांच्याकडे जेवायची वेळ, मला फोन यायचा. "शाळा सुटली ना बे? मंग जरा ठेसनावर जातो का? तू काई बोलू नको, फक्त फोन धरून उभा राहाजो." मी जायचो. फलाटावर हात उंच करून फोन धरायचो आणि गाडी येऊन जाईपर्यंत ते तिकडे ताटावर बसून बघत राहायचे. एकदा रेल्वे पोलिसाने मला हटकलं की कशाचं शूटिंग चाललंय. मी काही बोलण्याआधी फोनमधून आवाज आला, "साहेब, नमस्कार! कोन्या गावचे?" पोलीस चिखलीचा होता. दोघांचं वीस मिनिटं चाललं, आणि माझा खांदा दोन दिवस दुखत होता. घरी आल्यावर मी ताईकडे कुरकुर करायचो, पण दुसऱ्या दिवशी साडेचारला फोन आला नाही तर मलाच चैन पडायचं नाही.

आणि खरोखरच एक दिवस तो यायचा बंद झाला. आठवडाभराने आला तेव्हा भाऊजी म्हणाले, "मी वापस येऊन राह्यलो. पुस्तक राहू दे." पाच प्रकरणं झाली होती, चार राहिली होती. ताईने माझ्या हातातून फोन घेतला. ती आयुष्यात कधी त्यांच्यावर ओरडली नव्हती, त्या दिवशी ओरडली. "वीस वर्षं मी भाकरी थापल्या त्या काय अर्ध्या पुस्तकासाठी? तुमच्यानं एकट्यानं होत नसंन तर मी येतो तीन महिने. पन पुरं करा." एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

तीन महिन्यांसाठी जायचं म्हणजे तिला पर्यटक म्हणून व्हिसा काढायचा होता. मी रजा घेऊन तिच्याबरोबर मुंबईला गेलो आणि पिशवी सांभाळत कचेरीबाहेर फुटपाथवर उभा राहिलो. अर्ध्या तासाने ताई हसतमुख बाहेर आली. "काम झालं समज," म्हणाली. "त्या साहेबानं दुभाषी बाईकडून इचारलं, तुमी वापस कायले याल, इथं तुमचं कोन आहे? मी म्हनलं, पोरगा बंगलोरले नोकरीवर, हे तिकडे, घराले कुलूप लावून आली. मांगं काई लटांबर नाही. निवांत येतो." कुणाकडे काही मागायला गेलं की आपला त्रास होणार नाही हे आधी सांगायचं, हे तिला आईने शिकवलेलं. तिने अगदी मनापासून साहेबाची काळजी मिटवली होती. मी म्हणालो, "ताई, आणि मी?" ती आश्चर्याने माझ्याकडे बघत राहिली. "तू काऊन सांगू त्याले? तू तं घरचाच आहेस."

व्हिसा नाकारला गेला. ज्याने पर्यटन शिकवण्यात जन्म घालवला त्याच्या बायकोला पर्यटक मानायला सरकार तयार नव्हतं, आणि परत येईल याची खात्री वाटत नाही असं कागदावर लिहून आलं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ताई जाणार नाही, म्हणजे भाऊजी परत येणार, म्हणजे पुन्हा संध्याकाळी ताटावर ती वही आणि ते वाद. मी तोंड वाईट करून भाऊजींना बातमी सांगितली. ते एवढंच म्हणाले, "बरं." गाव विचारलं नाही, स्टेशन विचारलं नाही. पुढचे आठ दिवस मी जेवायला बसलो की तो "बरं" माझ्या कानात यायचा आणि मी अर्ध्या ताटावरून उठायचो.

मग मी पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा फार भारदस्त झाला, तो फाडला. दुसऱ्यात फक्त खरं लिहिलं, आणि आमच्या शाळेच्या इंग्रजीच्या बाईंनी ते इंग्रजीत केलं. 'माननीय साहेब, अर्जदार माझी थोरली बहीण आहे. मी अविवाहित आहे. दोन्ही वेळा तिच्या हातचं जेवतो. ती परत आली नाही तर माझे फार हाल होतील. मी इथे तिची वाट पाहत असेन. ती मला सोडून राहणार नाही, ही माझी हमी.' दुसऱ्या खेपेला ताईला आत फार वेळ लागला नाही. साहेबाने पत्र वाचलं, हसला, आणि दुभाषी बाईकडून विचारलं की भावाला जेवायला काय आवडतं. ताईने त्याला मिरचीच्या भाजीची कृती सांगितली. आठ दिवसांत पासपोर्ट शिक्का मारून घरी आला.

तीन महिन्यांनी ताई ठरल्या तारखेला परत आली. पत्र खरं ठरलं. पुस्तकाची दोन प्रकरणं पुरी झाली होती, भाऊजींचं वजन वाढलं होतं, आणि विद्यापीठाने त्यांची मुदत आणखी दोन वर्षांनी वाढवली होती. या वेळी बायकोला बरोबर राहता यावं म्हणून सगळे कागद तिकडूनच आले. त्यांत वाट पाहणाऱ्याचं पत्र कुठे जोडायचं नव्हतं. मी सगळी पानं दोनदा उलटून बघितली. दिवाळी झाल्यावर मी ताईला गाडीत बसवून दिलं, आणि घराची चावी खिशात घेऊन परत आलो.

आता मी खानावळीत जेवतो. दर रविवारी त्यांच्या घराच्या खिडक्या उघडतो, वह्यांना वाळवी लागली नाही ना ते बघतो. फोन येतात, पण स्टेशन दाखव असं आता भाऊजी क्वचितच म्हणतात. ताईच्या भाकरीला ते दोघं आणि बसथांब्यावरच्या चार-पाच म्हाताऱ्या असा मोठा परिवार जमला आहे. मला आनंद होतो, आणि भाऊजींची इतकी आठवण येते की कधीकधी साडेचारला मी उगाच फलाटावर जाऊन उभा राहतो. गेल्या महिन्यात ते म्हणाले, "काऊन बे गुरुजी, उन्हाळ्याच्या सुट्टीत तूच काऊन येत नाही? मी पत्र धाडतो. तुही ताई रोज तुह्या नावानं एक भाकर जास्तीची करून राह्यली." मी हो म्हणालो. अर्ज आणला आहे, नाव, गाव, नोकरी सगळं भरून झालंय. पण मुंबईला गेल्यावर तो साहेब मलाही विचारणारच, परत कशासाठी याल, इथे तुमची वाट पाहणारं कोण आहे? मी रोज बसून विचार करतो. वाट पाहणारी म्हणून मला दोनच नावं आठवतात, आणि ती दोघंही तिकडे माझं ताट मांडून बसली आहेत.