मावशीबरोबर धबधब्याला

"हात दाखव."

संध्याकाळी कारखान्यातून निघताना मावशी दारात आडवी उभी राहायची आणि प्रत्येकीला हेच म्हणायची. आम्ही दोन्ही तळहात पुढे करायचो. ती ते अगदी नाकाजवळ नेऊन बघायची, उलटे करायची, सुलटे करायची, आणि म्हणायची, "नखं राहिली. जा, परत धू."

हुपरीत चांदीचं काम चालतं त्या घरात बाहेर जाताना हात धुवायचे ते कोपऱ्यातल्या टबातच. चांदीचा बारीक चुरा हाताला, नखांना लागलेला असतो. तो मोरीतून वाहून जाऊ नये म्हणून ते पाणी टाकायचं नाही, निवळू द्यायचं आणि तळाचा गाळ राखायचा. हे काम मालकांनी मावशीला सांगितलं नव्हतं. तिनंच ते अंगावर घेतलं होतं. मालकीणबाई एकदा घाईत मोरीवर हात धुवायला निघाल्या, तर त्यांनाही तिनं हटकलं. "तुमी मालकीण असशीला घरात. हात चांदीचं हाईत."

कारखाना म्हणजे मालकांच्या घराचा रस्त्याकडचा सोपा, बाहेरची खोली. तिथं मावशी धरून आम्ही सहा-सात बायका पुढ्यात पाट घेऊन, मांडी घालून पैंजणाच्या कड्या जोडायचो, घुंगरं लावायचो. मी लग्न होऊन हुपरीत आले ते ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. शिक्षण चौथीपर्यंत, आणि स्वभाव असा की चार माणसांत तोंडातून शब्द निघायचा नाही. मावशीनं पहिल्याच दिवशी माझं नाव ठेवलं, मुकी. "ए मुके, चिमटा दे." "मुके, डबा उघड, आज काय आणलंयस?" ती एकटी होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक मुरगूडला दिलेली. लेक-जावई घेऊन जायला यायचे. मावशी त्यांना चहा पाजायची आणि एसटीत बसवून परत पाठवायची. "हात चालत्यात तवर कुणाच्या दारात बसून खाणार न्हाय," हे तिचं ठरलेलं वाक्य.

अशी एखादी मोठ्या आवाजाची बाई तुम्हीही पाहिली असेल. अशा बायकांना आतून काही दुखत असेल असं आपल्याला वाटतच नाही.

कामाला पाच-सहा वर्षं झाल्यावरची गोष्ट. श्रावणातल्या अमावस्येला कारखाना बंद होता. आदल्या दिवशी मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "उद्या माझ्यासंगं चल. माझ्या म्हायारच्या रानात धबधबा हाय. लई वर्सं झाली, बघितला न्हाय."

"आणि कोण कोण?"

"कोण न्हाय. दोघीच. तू बोलत न्हाईस, म्हणून तुला न्हेतो."

घरी सासूबाईंना विचारायचं धाडस मला होईना. ते मावशीनंच केलं. दारातूनच ओरडून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

सकाळच्या एसटीनं कोल्हापूर आणि तिथून गगनबावड्याकडची गाडी. एका फाट्यावर उतरलो. पाऊस उघडला होता. भाताची खाचरं हिरवीगार झाली होती आणि बांधाबांधावरून पाणी खळखळत होतं. "हितनंच हाय," मावशी म्हणाली. अर्धा तास चाललो. "आता हितनंच हाय." आणखी अर्धा तास. मी पुढं आणि ती माझ्या मागं, माझ्या पावलावर पाऊल टाकत. तिनं माझ्या पदराचं टोक धरलं होतं. "तू घसरशील म्हणून धरलंय," म्हणाली. मला बरं वाटलं. आईनंतर माझी अशी काळजी कुणी केली नव्हती.

पुढच्या खाचरात एकजण खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उभा होता. मावशीनं लांबूनच हाक दिली, "ओ पावणं! धबधब्याला ह्योच बांध न्हवं? आमच्या येळचं बांध मोडलं की समदं!"

पावणं गप्प.

"अवो, तुमास्नी इचारतो मी!"

तरी गप्प. मावशी भडकली. "काय माणूस हाय! वाट सांगाय जीभ झिजती व्हय? शिकल्यालं दिसतंय!"

मला हसू आवरेना. ते बुजगावणं होतं. काठीला जुना सदरा घातलेला आणि वर ती खोळ. मावशीची ही थट्टाच आहे असं समजून मी मोठ्यानं हसले. मागं वळून बघितलं तर ती हसत नव्हती.

"का हसलीस?"

"मावशी, ते बुजगावणं हाय."

 ती हातानं चाचपत बांधावर खाली बसली. मग मला एकेक गोष्ट उमगत गेली. पदर का धरला होता ते, आणि रोज संध्याकाळी आमचे हात नाकाजवळ का न्यायची तेही.

"मिरजेच्या डॉक्टरला दावून आलतो," ती म्हणाली. "मोतीबिंदू न्हवं. आतली शीर वाळत चाललीया म्हणं. आपरेशन न्हाय त्येला. जवळचं दिसतंय थोडं. लांबचं समदं धुरागत. त्ये बी जाणार." मग म्हणाली, "मालकाला कळलं तर उद्या घरात बसवंल. मग मुरगूड. कळलं का? कुणाला बोलायचं न्हाय."

"मी कुठं कुणाशी बोलते?"

तेव्हा ती हसली. "म्हणून तर तुला आणली. ऊठ. बसून वाट सरती व्हय?"

पुढची वाट तिनं कानानं काढली. दर थोड्या वेळानं मला थांबवायची, मान तिरकी करायची आणि बोट दाखवायची, "असं." एका ओढ्यात गुडघाभर पाणी होतं. दगडांवर शेवाळ. तिथं तिनं माझा हात असा आवळला की बांगड्या मनगटात रुतल्या. पण तोंडानं चालूच, "भिऊ नगं मुके, मी हाय की."

झाडी संपली आणि धबधबा एकदम समोर आला. काळा कडा, त्यावरून पडणारं पांढरं पाणी, खाली हिरवा डोह, आणि तिथून नदी वाहत गेलेली. तुषारांनी आमची लुगडी भिजली. मावशी दगडावर बसली.

"सांग की."

"काय?"

"काय दिसतंय त्ये. आज तरी तोंड उघड. किती धारा हाईत?"

मी म्हणाले, तीन. मधली मोठी. ती आधी एका खडकावर आपटते आणि मग दोन्हीकडं फुटते.

"फुटती व्हय? आमच्या येळी सरळ पडत हुती. खडूक खाली आला असंल. फुडं?"

मी सांगत गेले. कड्याच्या कपारीत उगवलेलं उंबराचं झाड, पाण्यात पाय बुडवून उभी असलेली म्हैस, डोहावर धरलेलं इंद्रधनुष्य, पलीकडच्या काठावर कपडे धुणारी परकरी पोर. इतकं मी जन्मात एका दमात बोलले नव्हते. मावशी तोंड वर करून ऐकत होती. "म्हशीवर बसून आमी डोहात जायचो," ती मधेच म्हणाली. "त्या पोरीला हाक मार. ईच्यार कुणाची हाय." मी हाक मारली. पाण्याच्या आवाजात ती काही पोहोचली नाही. "मोठ्यानं मार की! जिवंत हाईस न्हवं?"

मग भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि परत आलो.

त्यानंतर कारखान्यात मी मावशीच्या शेजारी बसायला लागले. ती बोटांनी अंदाज घेऊन कड्या जोडायची. चुकलेल्या मी जेवणाच्या सुट्टीत हळूच उघडून नीट करायची. ती मला शिव्या द्यायची तेवढं एक कमी झालं, म्हणून मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. असं वर्षभर निभलं.

लग्नसराईच्या घाईत एक दिवस मालक हातात पैंजणाचा जोड घेऊन आले. एकाला घुंगरं उलट्या बाजूनं लागली होती. पायात घातलं तर घोट्याला रुतली असती. "हे कुणी केलं?"  माझ्या पाटावर तसलाच एक अर्धा उसवलेला पैंजण पडला होता. मालकांची नजर त्याच्यावर गेली.

"माझंच हाय," मी म्हणाले.

"इतकी वर्षं काम करतीस आणि हे असलं? उद्यापासून येऊ नकोस."

माझ्या घरालाही ते काम हवंच होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. मी पाट आवरायला लागले. तेवढ्यात मावशी उठली.

"ती खोटं बोलतीया. माझं काम हाय त्ये. मला दिसत न्हाय. वरीस झालं."

 मालक माणूस वाईट नव्हते. त्यांचा आवाज एकदम उतरला. "मावशी, आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं असतं, तर बसू दिलं असतंसा?"

मालकांनी हातातला जोड खाली ठेवला.

"मग?" मावशी म्हणाली. "मुकीला काढू नगा. तिच्याएवढी बारीक कडी हितं कुणाला जमत न्हाय." आणि पायानं चपला शोधायला लागली. मी हात धरायला पुढं झाले तर तिनं तो झिडकारला. "काम कर तुझं. मी जातो."

आठवड्यात लेक येऊन तिला मुरगूडला घेऊन गेली. त्यानंतर मी तिला दोनदा भेटून आले. मग एका उन्हाळ्यात ती गेल्याचा निरोप आला, तोही माती देऊन झाल्यावर.

मुरगूडला तिला बघितलं ते मला फारसं आठवत नाही. आठवतं ते तिनं काम सोडलं त्या दिवशी, ती चपला घालून निघाल्यावर, सोप्याच्या खिडकीतून पाहिलेलं. भर दुपारचा हुपरीचा रस्ता. मावशी रस्त्याच्या अगदी मधोमध चाललेली, मान ताठ, एक हात पुढं धरलेला. समोरून मोटारसायकलवाला आला. त्यानं हॉर्न वाजवला, करकचून ब्रेक दाबला आणि अंगावर येता येता थांबला. मावशी जागची हलली नाही. कमरेवर हात ठेवून, सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात ती त्याच्यावर ओरडली,

"डोळं फुटलं काय रं तुझं? माणूस चाललंय, दिसत न्हाय व्हय?"

त्यानं गाडी बाजूला घेतली. "चुकलं मावशी," म्हणाला. आणि मावशी तशीच रस्त्याच्या मधून पुढं गेली.