बंद फोनवर बोलणारी अक्का

जगदेवीअक्काचं नाव निघालं की आमच्या गावात अजून लोक हसतात. लई गमतीची बाई होती, म्हणतात. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. अक्का माझी सख्खी थोरली बहीण. तिच्याइतकी संतापी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि ज्यांना तिची गंमत आठवते, त्यांनी एक अख्खा उन्हाळा तिच्या संतापाचं पाणी प्यायलंय, हे मात्र त्यांच्या ध्यानात राहत नाही.

ती नांदेडला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, सासरच्यांनी माहेरची वाट दाखवली. मॅट्रिक झालेली होती म्हणून नोकरी लागली आणि तिथल्याच वजिराबादेत एक खोली घेऊन ती एकटी राहिली. दिवसभर कानाला हेडफोन आणि याची वायर त्याला जोडणं. जोडणी झाली का हे बघायला घटकाभर ऐकावं लागे. बारा वर्षं असं घटकाघटकाभर ऐकून तिला माणसं बोलण्यावरून नाही, गप्प बसण्यावरून ओळखू यायला लागली.

त्यातूनच तिचं रेडिओवरचं काम निघालं. महिन्यातून एकदा, गावकऱ्यांच्या कार्यक्रमात, अक्का गोदाबाई होऊन दहा मिनिटं फोनवर बोलायची. फक्त गोदाबाई. पलीकडचा माणूस कुणालाच ऐकू येत नसे. कधी पलीकडे विहीणबाई असे, कधी तलाठी, कधी चुकून लागलेला पोलीस ठाण्याचा नंबर. अक्का वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे गोदाबाईचं बोलणं आणि उजवीकडे पलीकडच्याचं, शब्द न् शब्द. उजवीकडचं ती मनातल्या मनात पुरतं म्हणायची आणि मगच डावीकडचं तोंडानं. हसू यायचं ते त्या मधल्या मोकळ्या जागेत. आमचा गाव चावडीच्या रेडिओपुढे बसून त्या जागेवरच पोट धरायचा.

रेडिओ केंद्रावरच्या एका साहेबांनी तिला एकदा सांगितलं, की मधल्या जागा कमी करा, लोकांना वाटतं रेडिओ बिघडला. अक्कानं वही मिटली. पलीकडच्याला बोलू दिलं नाही तर माझी गोदाबाई वेडी ठरते, म्हणाली, आणि ती वेडी नाही. चप्पल घालून जिना उतरली. साहेब पाठोपाठ खाली आले, तेव्हा परत वर गेली. जागा होत्या तेवढ्याच राहिल्या.

आता त्या उन्हाळ्याचं सांगते. सन त्र्याऐंशी. आदल्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला होता. आता उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून आमच्या गावानं हलगी लावून पेढे वाटले होते. पाऊस मात्र पाठ फिरवून गेला तो गेलाच. देवणीपासून तीन कोसावर आमचं गाव. मार्चमध्ये विहीर आटली. एप्रिलात बाया नदीच्या पात्रात हात-हात उकरून वाटीवाटीनं घागर भरायला लागल्या. एका घागरीला दोन तास. माझी भावजय शिवकन्या विहिरीत उतरून तळाचा गाळ खरवडत होती, पायरीवरून पाय निसटला आणि तिचा हात कोपरात मोडला.

माझा भाऊ अण्णाराव सरपंच होता. टँकर मागायला तो नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत तीनदा जाऊन आला होता. कचेरीचं नाव घेत नाही, घेऊन तोंड कशाला विटाळू. दर वेळी अण्णाराव छाती फुगवून परत यायचा. साहेबानं खुर्ची दिली, चहा पाजला आणि आमच्यादेखत थेट मोठ्या साहेबांना फोन लावला, म्हणायचा. आमच्या गावाचं नाव घेऊन बोलला. दोन दिवसांत टँकर येतो. आणि गाव रस्त्याकडे डोळे लावून बसायचा. असे दोन दिवस तीनदा आले आणि गेले.

अक्का रजा घेऊन आली ती शिवकन्येचा हात बघायला. प्लास्टरकडे बघितलं, माझ्या खांद्यावरचा घागरीचा घट्टा बघितला आणि अण्णारावाला फोनबद्दल खोदून विचारत बसली. साहेब किती वेळ बोलला, मध्ये किती थांबला. अण्णाराव वैतागला. उद्या मी येते, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकरा जण निलंग्याला एस.टी. बदलून लातूरला पोचलो. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या तेव्हा कुठं कुठं भाड्यानं विखुरल्या होत्या. ही अडत दुकानाच्या माडीवर होती, खाली तुरीची पोती. पाटीसुद्धा रंगवलेली नव्हती. साहेबानं तोंड भरून स्वागत केलं, चौथ्यांदा चहा सांगितला आणि फोन उचलून आकडे फिरवले.

"हॅलो सर, नमस्कार, हो सर, तेच गाव सर, लोक समोर बसलेत, किती, दोन टँकर, बरं बरं, परवापर्यंत, हो सर, ठेवतो."

आमची माणसं एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागली. मीही डोलवली, खोटं कशाला बोलू. अक्काकडे बघितलं तर तिच्या नाकपुड्या फुगलेल्या. ती माझ्या कानाशी म्हणाली, "मादेवी, पलीकडं कुणी न्हाई. यानं कुणाला श्वाससुद्धा घेऊ दिला न्हाई."

मला वाटलं आता ही आकाशपाताळ एक करणार. पण ती उठली, अदबीनं टेबलापाशी गेली आणि मोठ्या साहेबांचे मलाही आभार मानायचेत म्हणाली. तो लाइन तुटली, बिझी असते असं काही पुटपुटेपर्यंत तिनं रिसीव्हर कानाला लावला होता. त्यात आवाजच नव्हता. तिनं फोनच्या वायरीवरून नजर नेली. वायर खिडकीपाशी जाऊन संपत होती. तिचं भेंडोळं करून खिळ्याला अडकवलेलं होतं. जोडणी अजून आलेलीच नव्हती.

साहेबानंही तिची नजर कुठं गेली ते बघितलं. अक्कानं सावकाश आकडे फिरवले.

"हॅलो. मोठे साहेब का? नमस्कार साहेब." ती थांबली. आम्ही सगळे तिच्याबरोबर थांबलो. "हाव साहेब, हितंच बसलेत, समोर." पुन्हा थांबली. "तीनदा फोन केला म्हणतात साहेब." आता ती बराच वेळ गप्प होती आणि तिच्या कपाळावर एकेक आठी चढत होती. मग रिसीव्हरवर हात ठेवून ती त्याला म्हणाली, "मोठे साहेब इचारून राहिलेत, तीनदा हुकूम दिला तर टँकर कुठं अडला."

साहेब पेचात सापडला. फोन बंद आहे म्हणावं तर आम्ही अकरा जण समोर, अन् तीन वेळचं पितळ उघडं. तसं न म्हणावं तर हुकूम पाळायला हवा. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"काहीच बोलत न्हाईत साहेब," अक्का फोनमध्ये म्हणाली. थांबली. "लिहून घेऊ? आत्ता? शिक्क्यासकट? बरं साहेब." आणि तिनं रिसीव्हर त्याच्यापुढे धरला. "तुमच्याशी बोलायचं म्हणतात."

त्यानं तो घेतला. कानाला लावला. बराच वेळ काही बोलला नाही. मग खाली मान घालून म्हणाला, "होय सर." त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं मधली जागा नीट सोडली. मग कागद ओढला, रोज एक टँकर असा हुकूम लिहिला आणि शिक्का मारला.

एस.टी.त अक्कानं सगळ्यांना सांगितलं, की फोन बंद होता, तुमच्या तोंडाला तीनदा पानं पुसली. तर हे लोक हसले. गोदाबाईचा कार्यक्रम समजून हसले. मोठे साहेब देवमाणूस, अण्णाराव म्हणाला, बाईमाणसाचंही ऐकलं. अक्का खिडकीबाहेर बघत बसली. मला अक्का सोडून बाकी दहाही जणांना, माझ्यासकट, बसमधून खाली ढकलावंसं वाटलं.

गुरुवारी टँकर आला. शुक्रवारी शेजारच्या वस्तीची मल्लम्मा चार बायांना घेऊन घागरी घेऊन आली. आमच्या गड्यांनी त्यांना हाकललं. तुमचा टँकर तुम्ही मागा, साहेब फोन लावून देतो, म्हणाले. मल्लम्मा म्हणाली, साहेबानं आमच्यासमोर दोनदा लावलाय की. अक्का तेव्हा अंगणात शिवकन्येची वेणी घालत होती. अण्णारावानं तिला हात जोडले, गप ऱ्हा अक्का, साहेब चिडला तर आपलंबी पाणी बंद पडंल. तिनं वेणी पुरी केली, गाठ मारली आणि म्हणाली, "पडू दे. त्या बायांनी आपल्या दारातनं रिकाम्या घागरी घेऊन जायचं, अन् मी ते पाणी पिऊ?"

सोमवारी तेवीस बाया तिच्याबरोबर लातूरला गेल्या. मीही होते. साहेबानं अक्काला बघितलं आणि आधीच सांगून टाकलं, बाई, या फोनची लाइन अजून आलेली नाही. आता खरं बोलण्यातच त्याची सुटका होती, नाहीतर ती पुन्हा आकडे फिरवणार. अक्कानं रिसीव्हर उचलून मल्लम्माच्या हातात दिला. तिनं ऐकला आणि शेजारणीला दिला. तेवीस बायांनी पाळीपाळीनं तो कानाला लावला. आठ आठवडे गावोगाव ज्याच्यावर भरोसा ठेवला, ती बोलाचीच कढी बोलाचाच भात, हे प्रत्येकीनं आपल्या कानानं ऐकलं. मीही ऐकला. आत काहीच नव्हतं.

मग अक्का म्हणाली, "फोन न्हाई ना? मग चला. पायी चला मोठ्या साहेबाकडं."

त्यानं ऊन आहे, जेवणाची वेळ आहे अशी सतरा कारणं सांगितली. बाया दारात बसल्या. शेवटी तो उठला, टोपी घेतली आणि जिना उतरला. पुढं तो, मागं आम्ही. मला वाटलं गावाच्या त्या टोकाला जायचं असेल, म्हणून मी पदर डोक्यावर घेतला. तो अडत बाजाराच्या कोपऱ्यावर वळला आणि दुसऱ्या गल्लीत एका पिवळ्या घरासमोर थांबला. तिथंही पाटी नव्हती.

मी पावलं मोजली होती. दोनशे अकरा.

आत मोठे साहेब होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वही उघडली आणि आमच्या गावाचं नाव कसं लिहायचं ते आम्हालाच विचारलं. त्यांनी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं.