त्याच्या नावाचा माझा फोटो

पिंपरीत औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि आम्ही दोघे तिथे हंगामी कामगार म्हणून लागलो होतो. मी परभणीकडचा, तो रत्नागिरीचा. चिंचवड गावठाणात एका मावशींच्या घरी माडीवरची खोली आम्ही दोघांत घेतली होती. माझा हा सोबती अंगाने दणकट आणि तोंडाने त्याहून दणकट. मी पिठलं-भाकरी खात असलो की तो समोर बसून सुरमईचं वर्णन करायचा.

त्याचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. आणि पौष सरता सरता त्याला ताप येऊ लागला. सकाळी गडी ठणठणीत, संध्याकाळी कामावरून आला की अंग तापलेलं, पहाटे उशी घामाने ओली. गावातल्या डॉक्टरांनी आधी क्विनीन दिलं. मग मुदतीचा ताप असेल म्हणून पेजेवर ठेवलं. ताप काही हलेना. मावशींचं निदान वेगळंच होतं.

"पान्याकाठचा मानूस हाय त्यो. मासळी न्हाई पोटात, मंग ताप येनार न्हाई तर काय!"

त्यांनी चाकणच्या बाजारातून सुकट मागवली. ताप सुकटीलाही बधला नाही. त्याचं वजन उतरलं, गालफडं बसली. उजवा खांदा दुखतो म्हणायचा. आम्हाला वाटलं, पोती उचलून दुखत असेल.

शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली: पुण्याला जाऊन छातीचा फोटो काढून आणा. त्याच आठवड्यात कारखान्यानेही फर्मान काढलं की कायम व्हायचं असेल तर छातीचा फोटो हवा. त्या दिवशी जेवताना त्याने ताट बाजूला सारलं.

"माझा काका असाच गेला," तो म्हणाला. "संध्याकाळचा ताप आणि पहाटेचा घाम. क्षय होता. माझ्या फोटोत तेच निघालं तर नोकरी गेली आणि लग्नही गेलं."

"अरे, पण बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"तू जा ना माझ्या नावाने. त्या फोटोत तोंड कुठे दिसतं? फासळ्या दिसतात. त्या सगळ्यांच्या सारख्याच!"

मी साफ नाही म्हणालो. पण दोन दिवसांनी तो सासऱ्यांना पत्र लिहिताना दिसला, लग्न मोडण्याचं. चार ओळी लिहायचा, कागद चुरगळायचा. मला ते बघवेना. रविवारी त्याची चिठ्ठी खिशात घालून मी पॅसेंजरने पुणे गाठलं.

इस्पितळात खिडकीतल्या कारकुनाने नाव विचारलं, मी त्याचं सांगितलं. अंधाऱ्या खोलीत थंडगार पत्र्याला छाती टेकवली. "श्वास घ्या... रोखा... सोडा." झालं! सोबत मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं, फुप्फुसं स्वच्छ आहेत. मी घरी आल्यावर त्याने मला मिठी मारली आणि आम्ही स्टेशनजवळ मिसळ खाल्ली. ती खातानाही त्याचं अंग तापलेलंच होतं.

पुढच्या दहा-बारा दिवसांत तो जिना चढताना धापा टाकू लागला. मी त्याला धरून दवाखान्यात नेलं. आम्ही आधीच नेऊन दिलेला तो फोटो डॉक्टरांनी पुन्हा खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"गळ्याखालचं हे हाड कधी मोडलं होतं?"

"माझं? कधीच नाही," तो म्हणाला.

त्यांनी त्याचं हाड बोटांनी चाचपलं. सरळ होतं. फोटोत मात्र डावीकडे जुन्या मोडीची गाठ स्पष्ट होती. दहाव्या वर्षी मी चिंचेवरून पडलो होतो. माझा हात आपसूक गळ्याशी गेला आणि डॉक्टरांची नजर माझ्याकडे वळली.

"सदऱ्याची बटणं काढा," ते मला म्हणाले.

त्यांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "क्षयावर आता औषध आहे, गाढवांनो. पण दुसऱ्याच्या फासळ्या बघून मी औषध कुणाला देऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः आमच्याबरोबर पुण्याला आले. या वेळी नुसता फोटो नव्हता. त्याला क्ष-किरणांच्या पडद्यामागे उभं करून, अंधाराची सवय व्हावी म्हणून तांबडा चष्मा लावून बसलेल्या तिथल्या डॉक्टरांनी तो काढून त्याचा चालता श्वास पाहिला. दार उघडून आमचे डॉक्टर बाहेर आले.

"फुप्फुसं स्वच्छ आहेत. क्षय नाही."

तो भिंतीला टेकून खालीच बसला आणि हमसून रडला. माझ्या मनात एकच येत होतं, हे बारा दिवस आपण फुकट घालवले.

"पण छाती आणि पोट यांच्यामधला पडदा डावीकडे खालीवर होतो आणि उजवीकडे वर चढून अडकलाय," डॉक्टर म्हणाले. "खाली यकृतात पू झालाय. खांदा त्यामुळेच दुखतो. मध्यंतरी आव पडली होती का?"

दिवाळीत पडली होती. आम्ही दोघांनीही ती हसण्यावारी नेली होती.

त्याच दिवशी त्याला इस्पितळात दाखल केलं. फासळ्यांमधून जाड सुई घालून पू काढला. नर्सबाईंनी नेलेली बाटली मी पाहिली, काकवीच्या रंगाची. मग इंजेक्शनं सुरू झाली. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या कपाळाला हात लावला तर ते गार लागलं. मी पुन्हा पुन्हा लावून पाहिला. शेवटी तोच वैतागला, "राव, कपाळ झिजेल!"

कारखान्याच्या कागदांत त्याचाच खरा फोटो गेला. मलाही माझ्या नावाने पुन्हा त्या पत्र्याला छाती टेकवावी लागली. तोच कारकून होता. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाला, "तुम्ही आधी येऊन गेलात ना?" मी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

सासरे भेटायला आले तेव्हा त्याने फोटोची लबाडी, ताप, पू, सगळं स्वतः सांगून टाकलं. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आता भूक लागते का?"

"लागते."

"मग झालं तर."

वैशाखात मी लग्नाला गेलो. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला आणि दोन दिवसांची रजा असताना पाच दिवस राहिलो.