वन्संचं समुद्राकडचं दुकान

वन्सं,

तुमच्या शोकसभेत एकामागून एक लोक उठले आणि तुमच्या गोड स्वभावाबद्दल बोलले. मी उठून चालू लागणार होते, तुमच्या भावानं हात धरून खाली बसवलं. गोड! पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवणारी बाई आणि गोड? तेव्हा खरं काय ते मीच लिहून ठेवते. तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही, ही सोय मला पहिल्यांदाच मिळाली आहे.

तुमचं दुकान बटणांचं. जुन्या इमारतीत जिन्याखाली, मागच्या गल्लीकडे तोंड करून. बरण्यांत बटणं, खोक्यांत बटणं, फराळाचा म्हणून मी दिलेल्या डब्यातसुद्धा बटणंच. नियम एकच, कपडा दाखवल्याशिवाय बटण मिळणार नाही.

“साधं पांढरं द्या हो,” असं कुणी म्हटलं की तुम्ही चष्म्यावरून बघायचात.

“पांढरं म्हणजे कुठलं? दुधासारखं, हाडासारखं, की धुऊन धुऊन झालेलं?”

माणूस मुकाट घरी जाऊन शर्ट घेऊन यायचा. शर्ट आणि बटण घेऊन तुम्ही उंबऱ्यात उभ्या, दोन्ही आभाळाच्या उजेडात धरलेली, मान तिरकी. आणि बरेचदा निकाल एकच: “जुळत नाही. नाही देणार.”

“वन्सं, त्याला चालतंय ना?” मी एकदा न राहवून विचारलं.

“त्याला चालेल हो. शर्टाला चालत नाही.”

मी घरी निघून आले.

आपली इमारत समुद्राला अगदी लागून. एक रस्ता ओलांडला की वाळू. पण तुमच्या दुकानातून दिसायचे ते पलीकडच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप. पुढे जुनी इमारत पाडून टॉवर बांधायचा, वर फ्लॅट आणि खाली दुकानं असं ठरलं, आणि आम्ही सगळे बाल्कनीच्या रुंदीवरून एकमेकांच्या जिवावर उठलो, तेव्हा तुम्ही एकच हट्ट धरलात. दुकान समोर हवं, समुद्राकडे.

“आयुष्यभर त्याचा आवाज ऐकला,” तुम्ही म्हणालात, “आता तोंड तरी बघू दे.”

बिल्डरचा मॅनेजर तुमची समजूत घालायला जिन्याखाली आला. मोठा गुळगुळीत माणूस. मीही येऊन बसले होते, कारण त्याला तुमच्याजवळ एकटं सोडणं मला बरं वाटेना.

“काकू, समोर सगळे मोठे ब्रँड येणार. बटणं तिथं शोभणार नाहीत. मागे, पार्किंगच्या रॅम्पशेजारी मस्त जागा काढून देतो.”

तुमचं लक्षच नव्हतं. तुमची नजर त्याच्या कोटावर खिळलेली.

“मधलं बटण कुणी लावलं?”

“अं? लाँड्रीवाल्यानं लावलं असेल. तर काकू, मागची जागा...”

“कोट काढा.”

“काकू, मला मीटिंगला जायचंय.”

“असा? हा कोट घालून? काढा आधी.”

काढला बिचाऱ्यानं. तुम्ही मधलं बटण उसवलंत. मग तसलं दुसरं मिळेना, म्हणून सगळीच बदलावी लागतील असं ठरवून उरलेलीही उसवलीत. आता नवा संच जुळेना. तुम्ही उंबऱ्यात कोट आभाळाकडे धरून उभ्या, तो आत स्टुलावर पाय हलवत.

“काकू, द्या ना कसाही.”

“कसाही मी देत नाही.”

“अहो, मालक वाट बघतायत माझी!”

“बघू देत. तपकिरीत लाल जास्त आहे.”

“समोरचं दुकान देतो काकू, पण कोट द्या!”

तुम्ही मान वळवलीत. “मी कोटाबद्दल बोलत होते. पण दुकानाचं ऐकलं हं मी. वहिनी, तुम्हीही ऐकलंत.”

ऐकलं म्हणजे काय! अंधार पडायच्या आत मी प्रत्येक मजल्यावर जाऊन ऐकवलं. त्याला माघार घ्यायला तोंड उरलं नाही. कोट मात्र बिनबटणाचाच घेऊन गेला तो.

टॉवर उभा राहिला. तुमच्या दुकानाला छतापासून फरशीपर्यंत काच, आणि काचेपलीकडे रस्ता, वाळू, पाणी. सुरुवातीचे काही दिवस तुम्ही गिऱ्हाइकाकडे पाठ करूनच बसायचात. एका बाजूला चष्म्याचं झगमगीत दुकान, दुसऱ्या बाजूला केस कापायचं, आणि मध्ये तुम्ही राणीसारख्या. मला हेवा वाटला, कबूल करते.

मग बँकेतल्या बाईंचा गडद निळा कोट आला. तुम्ही बटणं लावून दिलीत आणि दुसऱ्या दिवशी त्या परत. “आजी, ही काळी आहेत.” तुम्ही बदलून दिलीत, तर तीही काळीच निघाली. मग कुणाच्या तरी फिकट पिवळ्या झग्याला तुम्ही पांढरी लावलीत.

दुपारी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिलात. “वहिनी, माझे डोळे गेले.”

“लिफ्टचं बटण बरोबर दाबलंत ना?”

“चेष्टा नको. रंग कळेनासे झालेत मला.” तुम्ही खुर्ची ओढून बसलात. “मला दुसरं काही येत नाही हो. आता दुकान कुणाच्या जिवावर उघडू?”

मी गॅस बंद केला आणि पर्स उचलली.

दोघी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं तपासलं, पुन्हा तपासलं आणि म्हणाला, “आजी, तुमची नजर माझ्याहून चांगली आहे.” तुम्ही म्हणालात, “तुम्हाला बटणं विकायची नाहीत, तुमचं भागतं.” आणि रस्ताभर माझ्याशी बोलला नाहीत, जणू डोळे मीच बिघडवले होते.

पुढे एक दिवस तुमच्या हातून बटण निसटलं आणि घरंगळत दाराबाहेर फुटपाथवर गेलं. आत काळं होतं. बाहेर उचललंत तर निळं! तुम्ही आत आलात, काळं. बाहेर गेलात, निळं. तुमचं हे येणंजाणं बघून वॉचमननं घाबरून मला वर फोन लावला, “मॅडम, आजींचं काहीतरी बिनसलंय, दारातच फिरतायत.” मी चपला न घालताच धावत आले.

“वहिनी,” तुम्ही अक्षरशः ओरडलात, “डोळे नाही, काच खराब आहे!”

ऊन लागू नये म्हणून बिल्डरनं समोरची सगळी काच तपकिरी छटेची बसवली होती. आत बसून आपल्या कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, काच बदलणं शक्य नाही, इमारतीचा लूक जाईल. त्यानं पांढरे दिवे लावून दिले. त्या दिव्यांत सगळंच आजारी दिसायला लागलं, गिऱ्हाइकासकट. मग तुम्ही खुर्ची फुटपाथवर टाकलीत. वॉचमन हात जोडून आला, “आजी, शोभा जाते म्हणतात.” “कुणाची?” तुम्ही विचारलंत. तो म्हणाला, “इमारतीची,” आणि खुर्ची आत घेऊन गेला. तुम्ही पुन्हा बाहेर आणलीत. असं आठवडाभर चाललं. दोघांचीही कंबर धरली.

सुटका केली ती रॅम्पशेजारच्या कॉफीवालीनं. विशीतली पोर, ओठांवर सतत गरम कपावर फुंकर मारत असल्यासारखं हसू. तिच्या दुकानाला काच नव्हती, नुसतं शटर. समोर मोकळं आभाळ आणि ये-जा करणाऱ्या गाड्या. तिथं कॉफी प्यायला कुत्रंही फिरकत नव्हतं.

“आजी, अदलाबदल करू या?” ती चाचरत म्हणाली. “मला तो समुद्र मिळाला ना, तर माझं दुकान तरेल.”

मी लगेच मध्ये पडले. “वन्सं, एवढं भांडून मिळवलंत! आयुष्यभराची हौस तुमची. नीट विचार करा.”

तुम्ही बँकेतल्या बाईंचा अजून पडून असलेला निळा कोट उचललात, मागे रॅम्पवर गेलात, शटरखाली उभ्या राहून बटण लावून बघितलंत. मान तिरकी.

“जुळलं,” तुम्ही म्हणालात. “समुद्र काय, चार पावलं चाललं की दिसतो.”

मॅनेजरनं अदलाबदलीच्या कागदावर सही करताना कोटाची पुढची बाजू दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

कॉफीवालीनं पुढे नवी दिव्याची पाटी लावली आणि जुनी, कपाचं चित्र काढलेली, तुमच्या डोक्यावर तशीच राहिली. लोक आत येऊन कॉफी मागू लागले. “कॉफी पुढे,” तुम्ही सांगायचात, “पण तुमच्या बाहीचं बटण लोंबतंय, बसा.” बसायचे सुद्धा! तुमचा धंदा एवढा कधीच चालला नव्हता.

तरी मी मागे लागले होते, स्वतःची पाटी हवी. तुम्हाला तिच्यावर बटणांची चित्रं हवी होती, मला नुसती मोठी, वाचता येणारी अक्षरं. वादावादी होऊन शेवटी तुमचंच खरं झालं. पाट्या रंगवणाऱ्याकडे दोघींनी शुक्रवारी जायचं ठरलं. शुक्रवारी आभाळ भरून आलं. “असल्या उजेडात रंग निवडायचे नाहीत,” तुम्ही म्हणालात, आणि मीही, कधी नव्हे ती, ऐकलं. त्यानंतरच्या शुक्रवारी तुम्ही दवाखान्यात होतात.

आता दुकानात, त्याच कपाच्या पाटीखाली, तुमची लेक बसते. परवा एका गृहस्थानं तिच्याकडे दोन कप कॉफी मागितली, साखर कमी.